अप्पांच्या तीन फेऱ्या

माझं पहिलं स्टिअरिंग मला टॉवेलात गुंडाळून मिळालं. शहरातला एक इंजिनिअर नोकरीसाठी परदेशी चालला होता आणि घरातलं सामान विकत होता. स्टिअरिंग माझ्या हातात देताना तो म्हणाला, "जुनं आहे, फार हिसके देऊ नका." मी ते स्कूटीवर पायांपाशी ठेवून बीड बायपासवरून घरी आणलं. आईनं टॉवेल सोडला आणि विचारलं, "याची गाडी कुठाय?"

गाडी कम्प्युटरमध्ये होती. आईला ते पटवायला बराच वेळ लागला. कम्प्युटरच्या पडद्यावर खऱ्यासारखा रेसचा ट्रॅक दिसतो, टेबलाला बसवलेलं स्टिअरिंग आणि खाली ठेवलेले पेडल खऱ्या गाडीसारखे चालवायचे, आणि इंटरनेटवरून जगभरातली माणसं आपापल्या घरातून त्याच ट्रॅकवर उतरतात. मी कॉलेजात असताना हे कीबोर्डवर शिकले होते. पुढं वाळूजला एका कारखान्यात तपासणी विभागात लागले. दिवसभर छोटे-छोटे लोखंडी भाग मोजायचे आणि बसतील ते ठेवायचे, न बसतील ते बाजूला काढायचे. घरी आल्यावर तासभर कुणी मला काही मोजायला सांगू नये, एवढंच वाटायचं. गाडी चालवताना डोकं रिकामं व्हायचं.

साधनं मात्र सगळी उतरलेली होती. कम्प्युटर कुठल्याशा ऑफिसातून निघालेला. स्टिअरिंग टेबलाला धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे पंजे तुटलेले. ब्रेक दाबला की पेडल फरशीवरून पुढं सरकायचे, म्हणून मी त्यांच्यापुढं आईचा पाटा ठेवत असे, आणि चटणी वाटायची वेळ झाली की आई तो रेसमधून उचलून न्यायची. सगळ्यात मोठी अडचण सुरुवातीची. वीस गाड्या एकदम सुटल्या की माझ्या कम्प्युटरला एवढं चित्र पेलायचं नाही. पडदा क्षणभर थिजायचा आणि पुन्हा हलायचा तेव्हा मी कुणाच्या तरी अंगावर गेलेली असायचे. शेवटी मी एक युक्ती काढली. बाकीचे सगळे सुटून गेले की मी पिट लेनमधून, म्हणजे गाड्यांचं चाक-तेल बघायची बाजूची गल्ली असते तिथून, एकटीनं निघायचे. प्रत्येक रेसमध्ये मी शेवटून सुरुवात करत असे. दोन वर्षांत मी अशीच शेवटून निघून मधल्या गटापर्यंत आणि तिथून वरच्या गटापर्यंत पोचले.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, यातलं काही ठाऊक नव्हतं. ते पहाटे जायचे आणि तिन्ही पाळ्यांच्या हिशेबानं कधीही घरी यायचे. वाळूजच्या कामगारांना नेणारी-आणणारी कंपनीची बस ते चालवत. त्यांचं मूळ घर सोयगावकडचं, मेंढरांचं. मेंढरं विकली तेव्हा ते ट्रकवर क्लीनर झाले, मग ड्रायव्हर, मग बसवर. बावीस वर्षं तीच वाट. महानुभाव आश्रमाचा चौक, लिंक रोड, वाळूज. त्यांच्या बसमध्ये माणसं झोपतात, हा त्यांचा एकमेव अभिमान होता. "खड्डा आला तरी पब्लिक जागं होत नाय," एवढंच ते सांगत.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्याच्या आधीच्या हिवाळ्यात अप्पांना झटका आला. पहिल्या पाळीची माणसं उतरवून झाली होती. बस रांगेत लावून ते खाली उतरले आणि डावा पाय उचलेना. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय जरा सुधारला होता, बोलणं नीट होतं, पण डावा हात मांडीवर पडून राहायचा. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी स्पंजचा चेंडू दिला. रोज शंभर वेळा दाबायचा. अप्पा चारदा दाबायचे आणि चेंडूकडं असे बघायचे की जणू तो कुणीतरी त्यांची टर उडवायला पाठवलाय.

"दुसरं काहीतरी द्या," आई त्या बाईंना म्हणाली. त्या म्हणाल्या, "काहीही चालेल. दोन्ही हात एकत्र चालतील आणि यांना कंटाळा येणार नाही असं बघा."

अप्पांना कंटाळा न आणणारी एकच गोष्ट होती आणि ती आता त्यांना कुणी देणार नव्हतं. ठेकेदारानं दुसरा ड्रायव्हर लावला होता. अप्पांनी बसची किल्ली स्वतःहून माझ्या हाती त्याच्याकडं पाठवली होती.

एका रविवारी दुपारी मी सराव करत होते. अप्पा मागं बाजेवर पडलेले. मला वाटलं, झोपलेत.

"ब्रेक लई उशिरा मारायलीस," मागून आवाज आला.

मी दचकून भिंतीवर गेले. पडद्यावरची गाडी आपटली आणि अप्पा उठून बसले. "लागलं का कुणाला?"

"नाही अप्पा. खोटं आहे हे."

ते हळूहळू चालत माझ्या खुर्चीपाशी आले. पडद्याकडं बराच वेळ बघत राहिले. "झाडं कुठायत?"

"बंद केलीत. झाडं ठेवली की चित्र अडकतं. कम्प्युटर जुना आहे ना. लोकं पण बंद केलीत, पाणी पण."

"म्हंजी इथं बी दुष्काळच," अप्पा म्हणाले. दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी केलेली ती पहिली थट्टा. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

मग त्यांनी विचारलं, "चाक कडेला उतरलं तर हाताला कळतं का?"

"थोडं कळतं. आत मोटर आहे. स्टिअरिंग थरथरतं."

"थोडं म्हंजी किती?"

मी उठले आणि त्यांना खुर्चीत बसवलं. मोटरचा जोर अगदी कमी केला. खरं तर त्या स्टिअरिंगला मुळातच जोर नव्हता. माझ्याबरोबर चालवणारे त्याला खेळणं म्हणत, आणि मीही चांगलं घ्यायची स्वप्नं बघत असे. पण अप्पांच्या हातासाठी तो जोर नेमका होता. मी त्यांचा डावा हात उचलून स्टिअरिंगवर ठेवला. बोटं वळली नाहीत, नुसती टेकली. गिअर आपोआप पडतील असं करून दिलं. पेडलसाठी उजवा पाय धड होता.

पहिल्या दिवशी अप्पांनी रेसच्या ट्रॅकवर चाळीसच्या वेगानं, डाव्या बाजूनं, एक पूर्ण चक्कर मारली. वळणाआधी त्यांचा अंगठा इंडिकेटर शोधत होता. पाच मिनिटांचा रस्ता त्यांना पंधरा मिनिटं लागला. शेवटी थांबले तेव्हा कपाळ घामेजलं होतं.

"एक फेरी झाली," ते म्हणाले. लॅप हा शब्द त्यांनी कधीच वापरला नाही. बसच्या फेऱ्या असतात तशा त्याही फेऱ्या होत्या.

त्यानंतर मी कामावर गेले की अप्पा एकटे बसू लागले. कम्प्युटर चालू कसा करायचा ते मी दाखवलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत डाव्या हाताची बोटं हळूहळू वळायला लागली. आधी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, मग बाकीची. स्टिअरिंगमुळं झालं की दिवस गेले म्हणून झालं, हे मला माहीत नाही. व्यायामवाल्या बाईंनी हात तपासला आणि विचारलं, "चेंडू दाबता ना रोज?" अप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "व्हय."

नंतर त्यांना एकट्यानं चालवायचा कंटाळा यायला लागला. "रस्त्यावर दुसरी गाडी नाय. असा रस्ता अस्तो का कुठं?" मग मी त्यांना इंटरनेटवर सोडलं, नवशिक्यांच्या खुल्या रेसमध्ये, माझ्याच खात्यावरून. पिट लेनमधून सगळ्यांच्या मागं निघायचं, हे मी त्यांना जरा ओशाळून सांगितलं. ते म्हणाले, "मेंढरामागं चालणाऱ्याला सगळं दिसतंय. पुढच्याला काय दिसतं?" आणि निघाले. मागून कुणी आलं की ते बाजू देत. नुसती देत नसत, आधी वेग कमी करत, कडेला घेत आणि उजव्या हातानं पडद्यासमोर 'जा, जा' अशी खूण करत. ती खूण जगात कुणालाही दिसत नव्हती. काही जण चिडून शिव्या लिहून जायचे. मी त्या वाचून दाखवत नसे.

माझ्या लीगमध्ये, म्हणजे मी ज्या ऑनलाइन स्पर्धेत चालवायचे तिच्यात, सत्तेचाळीस नंबरची गाडी चालवणारा एक जण होता. इंडोनेशियातल्या कुठल्याशा बेटावरचा, एवढंच मला माहीत होतं. त्याचंही सामान माझ्यासारखंच जुनं असावं, कारण त्याची गाडी पडद्यावर मधूनच नाहीशी व्हायची आणि दहा हात पुढं उगवायची. एक दिवस त्यानं इंग्रजीत लिहून विचारलं, "दुपारी तू अशी का चालवतेस? बरी आहेस ना?" मी लिहिलं, "ते माझे वडील आहेत. त्यांचा हात बरा होतोय." त्याचं उत्तर आलं, "त्यांना सांग, बाजू फार छान देतात."

मी सांगितलं.  जेवताना अप्पा आईला म्हणाले, "एक पोरगं हाय तिकडचं. समजदार हाय."

उन्हाळा वाढला तसं पाणी आटलं. आम्ही प्लॉट घेतला तेव्हा चारी बाजूंना ज्वारी उभी असायची. आता तिथं तीन-तीन मजली इमारती झाल्या होत्या आणि प्रत्येकीची बोअर आमच्या बोअरपेक्षा खोल गेली होती. आमची फेब्रुवारीतच कोरडी पडली. मग टँकर. तो कधी सकाळी यायचा, कधी दुपारी, कधी यायचाच नाही. आला की जो घरात असेल त्यानं असेल तसं धावायचं. रस्ते सगळीकडं खोदलेले, त्यात आमच्या केबलच्या इंटरनेटची वायर आठवड्यातून एकदा तरी तुटायची. मी वायर जोडणाऱ्या माणसाची वाट बघायचे आणि आई टँकरवाल्याची.

मे महिन्यात लीगची शेवटची रेस होती, रविवारी दुपारी. वरच्या गटात राहायला मला त्यातले गुण हवे होते. आदल्या दिवशी पाळी संपवून घरी आले, स्टिअरिंग धरलं, आणि गाडी डावीकडं ओढायला लागली. स्टिअरिंग सरळ असताना पडद्यावरची चाकं वाकडी. मी बंद केलं, चालू केलं, वायर काढून लावली. तेच.

"आज किती वेळ चालवलं?" मी विचारलं.

"जेवल्यापासून," अप्पा म्हणाले.

खोलीत पत्र्याची आग उतरत होती. मोटरीवरच्या झाकणाला हात लावला तर चटका बसला. आणि मी बोलून गेले, "ही तुमची बस नाही अप्पा, दिवसभर रेटायला. मोडलं ना शेवटी?"

अप्पांनी डावा हात उजव्या हातानं उचलला आणि मांडीवर ठेवला. ते बाजेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. आतून आई म्हणाली, "झालं का तुझं बोलून?" मी जेवले नाही. कुणीच नीट जेवलं नाही.

सकाळी उठले तर अप्पा आधीच उठलेले. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर त्यांची हत्यारांची पेटी उघडून ठेवलेली. स्टिअरिंग मधोमध पालथं.

"उघड," ते म्हणाले. "तुझे दोन हात, माझा एक. बघू."

मी स्क्रू काढत गेले आणि ते कुठला स्क्रू कुठला ते कागदावर ओळीनं मांडत गेले. आत दोन छोट्या मोटरी होत्या. एकीच्या दांड्यावर नखाएवढी प्लॅस्टिकची चकती, तिला केसाएवढ्या बारीक फटी. स्टिअरिंग किती फिरलं ते ही चकती मोजते. मी मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठं करून बघितलं. चकतीला एक चीर होती, म्हणून मोजणी चुकत होती. दिवसभर दुसऱ्यांचं मोजत बसणाऱ्या मला हे आधी सुचायला हवं होतं.

"फुटली कशी?" अप्पांनी खालच्या आवाजात विचारलं.

मी मोबाइलवर शोधून वाचलं. "जुनी झाली की फुटतेच म्हणे. सगळ्यांची फुटते. तुमच्यामुळं नाही."

त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही.

चिरेत चिकट द्रावणाचा थेंब सोडायचा आणि ते सुकेपर्यंत चकती दोन्हीकडून दाबून धरायची होती. चिमटा जाईना, जागाच नव्हती. माझ्या एका हातात मोटर, दुसऱ्यात सुईनं उचललेला थेंब. अप्पांनी डावा हात पुढं केला. अंगठा आणि पहिलं बोट चकतीच्या दोन बाजूंना आणलं आणि दाबलं.

"सोड तू," ते म्हणाले. "मी धरतो."

बोटं सुटली नाहीत. दहा मिनिटं आम्ही तसेच बसलो. मी म्हणाले, "अप्पा, काल मी—"

"हलवू नको," ते म्हणाले. "सुकू दे."

दुपारी स्टिअरिंग सरळ चालायला लागलं. मी सगळ्यांच्या मागून सुटले. तुटलेल्या पंज्यांच्या जागी अप्पांनी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आवळून दिल्या होत्या. आईनं पाटा स्वतःहून आणून ठेवला. निम्म्या रेसपर्यंत मी सहा-सात जणांना मागं टाकलं होतं, आणि तेवढ्यात गल्लीत भोंगा वाजला.

"टँकर!" आई ओरडली.

तो आमच्या दारात जेमतेम दोन ड्रम भरेपर्यंत थांबायचा. पाइप जड, आईच्या कमरेला झेपायचा नाही, आणि अप्पांच्या हातून सुटला असता. तीन दिवस घरात पाणी नव्हतं. मी गाडी पिटमध्ये आणून उभी केली.

"अप्पा, धरता का?"

ते बाजेवरून उठलेच होते. "व्हय."

"निळा झेंडा दिसला की बाजू द्यायची."

"मला शिकवतीस का बाजू द्यायला?"

मी पळाले. पाइप ओढला, ड्रममध्ये सोडला. पाणी धो-धो पडत होतं आणि खिडकीतून इंजिनचा आवाज येत होता. मी पाइप धरून कानानं रस्ता बघत होते. आता लांब सरळ रस्ता. आता ब्रेक. लवकर मारला, फार लवकर, पण मारला. आता ते आखूड वळण. आवाज खाली गेला, अगदी खाली, आणि पुन्हा सावकाश वर चढला. भिंतीवर आपटल्याचा आवाज आला नाही. मी तो ऐकायला टपूनच बसले होते.

शेजारच्या काकूंनी घागर लावता लावता विचारलं, "घरात कसला आवाज येतोय हो?"

आईनं पदरानं तोंड पुसलं. "आमचे हे गाडीवर गेलेत," ती म्हणाली. बावीस वर्षं कुणी विचारलं की ती हेच सांगायची. त्या दिवशी ते तोंडातून निघालं आणि ती स्वतःच माझ्याकडं बघायला लागली. मग आम्ही दोघींनी पाइप दुसऱ्या ड्रममध्ये टाकला.

मी ओल्या हातांनी आत आले तेव्हा अप्पांची तिसरी फेरी चालू होती. त्यांच्या मागं सत्तेचाळीस नंबरची गाडी होती. तिचा पुढचा भाग आपटून चेपला होता, त्यामुळं तीही रखडत चालली होती. अप्पांनी कडेला घेतलं. तो पुढं गेला नाही. मागंच राहिला. पडद्याच्या कोपऱ्यात त्यानं लिहिलं होतं, "वडील आहेत ना? मी मागं थांबतो. तेवढं कुणी धडकणार नाही."

"द्या आता," मी म्हणाले.

"ही फेरी पुरी करू दे."

ती त्यांनी पुरी केली. पिटमध्ये आत घेतली, रेघेवर बरोबर उभी केली. ब्रेक पूर्ण दाबला. आणि त्यांचा डावा हात स्टिअरिंगवरून आपसूक खाली गेला, खुर्चीच्या बाजूला, हँडब्रेक शोधायला. तिथं काही नव्हतं. बोटं हवेत मिटली. अप्पांनी त्या मुठीकडं बघितलं, मीही बघितलं. मग ते उठले आणि मला जागा दिली.

माझा अठरावा नंबर आला. रेस संपल्यावर मी लीग चालवणाऱ्यांना जे घडलं ते खरं लिहून कळवलं. तीन फेऱ्या माझ्या वडलांनी चालवल्या, दारात पाण्याचा टँकर आला होता. त्यांचं उत्तर सौम्य होतं, पण नियम तो नियम. एका गाडीला एकच चालक. माझा निकाल रद्द झाला आणि मी खालच्या गटात गेले.

मला वाटलं, अप्पांना वाईट वाटेल. ते म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. बिल्ला एकाचा आणि गाडीवर दुसराच, असं आम्ही बी चालू दिलं नसतं."

अप्पांनी पुन्हा बस चालवली नाही. हात पूर्ण आला नाही. चहाचा कप धरता यायचा, शर्टाचं वरचं बटण लागायचं नाही. दिवाळीनंतर ठेकेदारानं त्यांना गेटवर बसवलं, बसच्या वेळा लिहायला. ते रोज इस्त्रीचा शर्ट घालून जाऊ लागले आणि दुपारची रेस आपोआप बंद झाली. दोन वर्षांनी मी नवं, दणकट स्टिअरिंग घेतलं. अप्पांनी ते एकदा धरून बघितलं. "लई ताकद हाय याला," म्हणाले आणि अंगणात जाऊन बसले.

सत्तेचाळीस नंबरवाला अजून कधीतरी भेटतो. मागच्या महिन्यात त्यानं विचारलं, तुझे वडील कसे आहेत. मी जेवताना अप्पांना सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"त्या पोराला आई-बाप हायत का?"

इतक्या वर्षांत मी त्याला हे कधी विचारलंच नव्हतं. जेवण झाल्यावर विचारलं. थोड्या वेळानं उत्तर आलं. आई आहे, तिच्यापाशीच राहतो. अप्पा अंगणात बाजेवर पडले होते, मी जाऊन त्यांना सांगितलं.

"मग बरं हाय," अप्पा म्हणाले आणि कुशीवर वळले.